दोन दिवस ओलं, एक दिवस कोरडं: पावसाळ्यात दोघांनी दक्षिण कशी फिरावी

आमच्या सांगली जिल्ह्यात जुलैत शिराळ्याची भातखाचरं तुडुंब असतात आणि त्याच दिवशी जतची माणसं आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात. सह्याद्री चढून येता येता ढग रिते होतात, त्याचा हा परिणाम. दक्षिणेतही हेच आहे, फक्त माप मोठं. कर्नाटक-केरळची किनारपट्टी जून-जुलैत झोडपून निघते, आणि डोंगरापलीकडे मदुराईला ऊन पडलेलं असतं, कारण तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो. पाठीवर बॅगा टाकून निघायचं असेल तर सगळा बेत यावर बांधा. दोन-तीन दिवस ओल्या अंगाला, मग डोंगर ओलांडून कोरड्या अंगाला.

पहिल्या खेपेला आम्हाला हे सुचलं नव्हतं. आठ दिवस पश्चिमेकडेच राहायचं ठरवलं, दोघांच्या अंगात जीन्स, पायात बंद बूट. पाचव्या दिवशी ह्यांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. पाऊल टेकवेना. पुढचं सगळं सोडून घरी आलो.

दुसऱ्या खेपेचा रस्ता सांगते, तो जमला. मिरजेहून रेल्वेने हुबळी, तिथून बसने सागर आणि जोग. मग आगुंबे, घाट उतरून उडुपी, रेल्वेने कोळिकोड. तिथून शोरनूर-पालक्काडवरून कोइमतूर, मग मदुराई. परतताना बंगळूर आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरज. पालक्काडला डोंगररांगेत 30 किलोमीटरच्या आसपास रुंद खिंड आहे, गाडी त्यातून सरळ पलीकडे जाते. खिडकीतून हिरवं मागे पडत जातं आणि वाऱ्याला कोरडा वास येतो. उडुपीची गाडी कोकण रेल्वेची. त्या मार्गाचं वेळापत्रक पावसाळ्यात वेगळं असतं, तेव्हा जुन्या वेळेवर विसंबू नका.

जोगला जूनमध्ये धावत जाऊ नका. शरावतीवर वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण आहे, ते पाणी अडवतं, म्हणून भरला धबधबा ऑगस्टकडे मिळण्याची शक्यता जास्त. 253 मीटर खाली पडणारं पाणी धुक्यात पार नाहीसं होतं. आम्ही कठड्याशी तासभर उभे राहिलो, तेव्हा कुठे पडदा सरकला आणि राजा-राणी दोन्ही धारा दिसल्या. तो तास हातात राखूनच जा.

आता कपडे. मी शिवणकाम करते, त्यामुळे यावर माझं मत ठाम आहे. जीन्स घरी ठेवा, जाड सुती कुर्तेही. एकदा भिजले की दोन दिवस वाळत नाहीत. टेरिकॉट किंवा पातळ नायलॉनचे तीन-तीन जोड पुरतात. रेनकोटाचं कापड सहसा गळत नाही, शिलाई गळते, कारण सुई गेली तिथे भोक राहतं. साधी पांढरी मेणबत्ती आतल्या बाजूने शिवणीवर दाबून घासा आणि बोटाने चोळून जिरवा. बॅगेच्या शिवणीलाही तेच करा. बॅगेवरच्या खोळीवर भरवसा ठेवू नका, पाणी पाठीकडून उतरतं. साखरेच्या पोत्यात आतून प्लास्टिकची पिशवी असते, ती धुऊन बॅगेत अस्तरासारखी घाला, कपडे त्यात भरा आणि तोंड पिळून बांधा.

दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे निम्मे ठेवा. एक बॅग भिजली तरी दोघांनाही कोरडा जोड मिळतो. वाळवायलाही दोघं लागतात. पिळलेला कपडा कोरड्या पंच्यावर पसरायचा, पंच्यासकट घट्ट गुंडाळी करायची, एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, आणि उलट दिशांनी पीळ द्यायचा. पंचा जड होतो आणि कपडा पंख्याखाली रात्रीत वाळतो. पायात पट्ट्यांची उघडी चप्पल घाला. रात्री बोटांच्या बेचक्या पुसून पावडर लावा. हे ह्यांना मी रोज विचारायची, "अहो, पाय कोरडे केले का?" चिखल्या पुन्हा झाल्या नाहीत.

आगुंब्यात वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि रानात जळवा असतात. चिकटलेली जळू ओढू नका. मिठाची पुरचुंडी ओली करून टेकवा, आपोआप गळून पडते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका, जखम धुऊन दाबून धरा.

खाण्याचं थोडक्यात: भडंग पहिल्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी सादळतं. तासगावचे बेदाणे मात्र शेवटपर्यंत टिकतात. केरळात हॉटेलात कोमट गुलाबीसर पाणी देतात. ते पतिमुखम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं असतं. बिनधास्त प्या, बाटलीतही भरून घ्या.

पावसाच्या इशाऱ्याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. 2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेलेली आम्ही पाहिली आहे. हवामान खात्याचा ऑरेंज इशारा आला तर घाटात शिरायचं नाही. रेड म्हणजे 24 तासांत 204 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडू शकतो, त्या दिवशी खोलीतच राहायचं. 30 जुलै 2024 ला वायनाडमध्ये दरड आली ती रात्री, माणसं झोपेत असताना. म्हणून खोली घेताना आधी मागे बघा. उभा उतार किंवा ओढा चिकटून असेल तर दुसरी खोली शोधा, भाडं जास्त पडलं तरी चालेल. आणि निघण्यापूर्वी दोघांत एक गोष्ट ठरवा: एकाने "थांबू" म्हटलं की दुसऱ्याने वाद घालायचा नाही. उडुपीला मी म्हटलं, आम्ही दिवसभर खोलीत बसलो आणि कोळिकोडचा एक दिवस गेला. ह्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

मदुराईला पोचलात की आधी लॉजच्या गच्चीची किल्ली मागा. बॅगा उलट्या करा, अस्तर काढा, चपला, पैशांचं पाकीट, सगळं उन्हात पसरा. दोन तासांत कडकडीत वाळतं. मग जेवायला बाहेर पडा. घरी आल्यावरही तेच, त्याच दिवशी. बॅग दोन दिवस बंद राहिली तर कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते कशानेच निघत नाहीत.