पेडल मारताना करकर: ‘कुठून’च्या आधी ‘कधी’

सायकल रिपेअरिंगच्या धंद्यात नव्याने आलेल्या मुलांना पंक्चर, ब्रेक, गिअर सेटिंग ही कामं लवकर जमतात. चाकाचं आउट काढायला जरा हात बसावा लागतो. पण खरा घाम काढतो तो आवाज. गिऱ्हाईक सांगतं, “पेडल मारलं की करकर वाजतंय.” तुम्ही सायकल स्टँडवर चढवून पेडल हाताने गरगर फिरवता आणि आवाज काही येत नाही.

येणारही नाही, कारण ही करकर वजनाखालची आहे. दोन भागांमधलं ग्रीस सुकलेलं किंवा धुऊन गेलेलं असतं, नाहीतर एखादा बोल्ट किंचित ढिला असतो. पायाचा जोर पडला की ते भाग एकमेकांवर केसभर सरकतात आणि जोर सुटला की मागे येतात. हाताने फिरवलेल्या पेडलवर तो जोर कुठला? त्यात फ्रेमच्या नळ्या पोकळ. सीटखालचा आवाज नळीतून उतरतो आणि थेट बीबीतून (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन पेडलांच्या मधल्या अॅक्सलचं बेअरिंग) आल्यासारखा वाटतो. म्हणून आवाज कुठून येतो यावर सुरुवातीला कानाचा भरवसा धरायचा नाही. तो कधी येतो, हे विचारायचं.

आमचं दुकान सिंहगड रस्त्याला. रविवारी सकाळी खडकवासल्याहून परतणारी मंडळी इथे थांबतात आणि बहुतेकांनी निदान आधीच करून आणलेलं असतं. “दादा, बीबी सेट गेलाय, बदलून टाका.” मान डोलवायची, पाना हातात घ्यायचा नाही आणि प्रश्न सुरू करायचे. बसून चालवताना वाजतं की उभं राहून? पेडल थांबवून सायकल नुसती सोडली तरी वाजतं का? उजवा पाय खाली जाताना की डावा? नुकतीच पाण्याच्या प्रेशरने धुतली होती का? हा शेवटचा प्रश्न पुण्यात विसरू नका. पावसाळ्यात चिखलाने माखलेली सायकल लोक मोटारसायकलींच्या वॉशिंग सेंटरला नेतात आणि तिथल्या फवाऱ्याने चिखलाबरोबर बेअरिंगमधलं ग्रीसही जातं.

उत्तरांवरून निम्मी सायकल बाद होते. उभं राहिल्यावर आवाज थांबला तर सीट आणि सीट पोस्ट. उलट उभं राहून हँडल ओढतानाच वाजत असेल तर आधी स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आणि हँडलचे बोल्ट, हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग). पेडल थांबवूनही चालू राहिला तर चाक: हब (चाकाचा मधला भाग), तारा किंवा घासणारा ब्रेक. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक जागी एकदा वाजलं तर पेडल, क्रँक (पेडल ज्याला बसतं तो दांडा), दातेरी चकतीचे बोल्ट आणि बीबी. दर अडीचेक फेऱ्यांनी टक् होत असेल तर चेनची एखादी कडी आखडलेली. ११४ कड्यांची चेन ४४ दात्यांच्या चकतीवर साधारण तेवढ्या फेऱ्यांत एकदा पूर्ण फिरते, हे गणित एकदा समजलं की पाठ करावं लागत नाही.

यानंतर स्वतः चालवून बघा, तेही चढावर. सपाट गल्लीत फेरी मारून “मला तर काही ऐकू येत नाही” म्हणणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येत नाही. जवळ चढ नसेल तर दोन्ही ब्रेक घट्ट दाबा, क्रँक आडवा ठेवा आणि पुढच्या पेडलवर पायाने वजन टाका. मग दुसऱ्या बाजूने तसंच. खिशातल्या किल्ल्या आधी काढून ठेवा. हे गमतीने सांगत नाही.

खोलायची सुरुवात सोप्याकडून, आणि पहिला नंबर पेडलचा. पाना १५ मिलिमीटरचा. (काही पेडलना आतल्या बाजूने ॲलन की लागते.) डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. डावं-उजवं आठवत बसू नका. पाना पेडलवर उभा लावा आणि वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकला, दोन्ही पेडलं तशीच सुटतात. आटे चिंधीने पुसल्यावर बोटाला काळपट वाळू लागली तर बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो. क्रँकमधल्या भोकाचे आटेही जुन्या टूथब्रशने साफ करा, ग्रीस लावा, हाताने चार-पाच आटे बसवून मगच पाना लावा. एकदम पाना लावला आणि आटे वाकडे चढले तर गिऱ्हाईकाला क्रँक भरून द्यावा लागेल.

सीटचंही तसंच: पोस्ट बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावून जुन्या खुणेवर परत बसवा. सीटचे रूळ क्लॅम्पमध्ये जिथे धरले जातात ती जागाही पुसा. पोस्ट कार्बनची असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट.

मागचं चाक नवे लोक हमखास विसरतात. क्विक रिलीज (चाक आवळायची खटक्याची दांडी) ढिली असेल किंवा फ्रेमच्या खाचेत माती असेल तर जोर लावल्यावर येणारा आवाज हुबेहूब बीबीसारखा असतो. चाक काढा, खाच पुसा, घट्ट बसवा. दुकानात त्याच मापाचं दुसरं चाक असेल तर ते लावून फेरी मारा, शंका लगेच मिटते. पेडलचंही असं अदलाबदल करून बघता येतं. मात्र एका वेळी एकच बदल. चार जागा एकदम खोलल्या तर आवाज जाईलही, पण तो कशाने गेला हे तुम्हाला कळणार नाही.

दूधवाल्यांच्या, पेपरवाल्यांच्या काळ्या सायकलींचं शास्त्र वेगळं. तिथे क्रँक कॉटरने, म्हणजे अॅक्सलमध्ये ठोकलेल्या पाचरीसारख्या खिळीने, धरलेला असतो. कॉटर झिजला की प्रत्येक फेऱ्यात पायाला बारीक झटका बसतो. नवा कॉटर ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा धरा, नाहीतर हातोडीचा मार सरळ छर्ऱ्यांवर जातो. थोडं चालवून झाल्यावर नट पुन्हा आवळायचा. चौकोनी अॅक्सलच्या ॲल्युमिनियम क्रँकमध्ये दुखणं जास्त वाईट. ढिला क्रँक तसाच दामटला की भोकाचा आकार बिघडतो आणि मग कितीही आवळा, बदलण्यावाचून इलाज नाही.

एवढं सगळं झाल्यावर बीबी. क्रँक उतरवून अॅक्सल बोटांनी फिरवा. खरखर लागली किंवा हलवून प्ले जाणवला तरच तो दोषी. बीएसए आट्यांच्या (बीबीच्या आट्यांचा एक प्रकार) फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा बीबीचा कप उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी आठवा. नळी उघडी असेपर्यंत बीबीभोवतीच्या जोडांवर बॅटरी मारा. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि नखाला अडकली तर ती भेग समजा. अशी सायकल चालवायला परत द्यायची नाही, मालकाला बोलावून रेघ दाखवायची.

स्प्रे मारून आवाज गप्प करायचा मोह होईल. मारू नका. स्प्रे उडाला की करकर परत येते आणि वर तो जुनं ग्रीसही विरघळवतो.

राहिले पैसे. शोधायला तास जातो आणि शेवटी निघतं बोटभर ग्रीसचं काम. पुण्याचं गिऱ्हाईक विचारणारच, “एवढ्याशा ग्रीसचे एवढे?” म्हणून सायकल घेतानाच सांगून टाका: शोधण्याची मजुरी वेगळी, पार्ट लागला तर त्याची किंमत वेगळी, आणि विचारल्याशिवाय पार्ट बदलणार नाही. काम झाल्यावर त्यालाच चढावर फेरी मारायला पाठवा आणि परत आला की पैसे घ्या.