पांढरी वाइन खुड्याच्या दिवशीच बिघडते: या चुका टाळा

आपली नजर खाण्याच्या द्राक्षांवर तयार झालेली. मणी फुगला, घड भरला, रंग आला की खुडा. दिंडोरी-निफाडकडे वर्षानुवर्षं थॉमसन ही खाण्याची द्राक्षं पिकवून मग शेनिन ब्लां ही पांढऱ्या वाइनची जात लावणारा शेतकरी पहिल्या वर्षी याच नजरेने बागेत शिरतो. पण वाइनच्या द्राक्षात गोडीइतकंच मोल आंबटपणाला आहे. जानेवारी सरला की ऊन चढतं आणि मण्याला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल झपाट्याने उतरतं. 24 ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) वाट बघत बसलात तर वाइन जड आणि मिळमिळीत होते. शेनिनला 21-22 ब्रिक्स आणि 3.2 ते 3.4 पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितका रस आंबट) असताना खुडा धरावा. मोजायला उन्हातले चार गोड मणी घेऊ नका. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, सावलीतलेही, घडाच्या वरचे आणि शेंड्याचे मिळून शंभर मणी चुरा आणि तो रस मोजा. खुड्याच्या तोंडावर पाणी तर अजिबात देऊ नका, गोडी पातळ होते.

सगळ्यात महाग चूक उन्हाची. दुसऱ्या वर्षी मी खुडा दुपारपर्यंत लांबवला आणि भरलेले क्रेट दोन तास बांधावर राहिले. खालच्या क्रेटमधून रस गळत होता, वर चिलटं घोंघावत होती. त्या वाइनला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा रंग आला, वास तर उरलाच नाही. तेव्हापासून डोक्याला बॅटरी लावून पहाटे सुरुवात, आठच्या आत शेवट. क्रेट अर्धेच भरायचे, म्हणजे खालचे घड चिरडत नाहीत. रस निघाला की लगेच 100 लिटरला 8 ते 9 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (रस काळवंडू नये म्हणून घालायची पावडर), आधी थोड्या पाण्यात विरघळवून. त्याचा वाफारा नाकात जाऊ देऊ नका.

शेवटचा थेंब पिळायचा मोह आवरा. जोरात दाबलेला रस कडवट असतो, त्याचा पीएचही चढलेला असतो. तो वेगळ्या भांड्यात ठेवा. चांगला रस 8-10 अंशांवर रात्रभर निवळू द्या आणि गाळ खाली ठेवून वरचाच पुढे घ्या.

रसातल्या साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट थेट गार रसात ओतलं तर निम्मं मरतं. कोमट पाण्यात फुलवा, थोडाथोडा रस घालत दोन्हींच्या तापमानातला फरक 10 अंशांच्या आत आणा, मग सोडा. पुढे किण्वन, म्हणजे रस आंबण्याची क्रिया, 14 ते 18 अंशांत ठेवा. नाशिकच्या फेब्रुवारीत दुपारी टाकीवर ओलं गोणपाट टाकून भागत नाही, गार पाण्याची सोय हवीच.

कुजक्या अंड्यासारखा वास आला तर बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक: यीस्टला नत्र कमी पडलं, किंवा भुरी रोगासाठी मारलेलं गंधक मण्यांवर राहिलं. गंधकाची शेवटची फवारणी खुड्याच्या बरीच आधी थांबवा, फवारणी आणि खुडा यांत किती दिवस सोडायचे ते डब्यावर दिलेलं असतं, ते काटेकोर पाळा. नत्राचं खाद्य पहिली एकतृतीयांश साखर संपेपर्यंतच द्या, नंतर त्याचा उपयोग नाही. वास आलाच तर सुरुवातीलाच हवा खेळवत वाइन एका भांड्यातून दुसऱ्यात घ्या. तांब्याचा तुकडा टाकून ठेवायचा सल्ला ऐकू नका, किती तांबं उतरलं ते कळत नाही.

किण्वन चालू असताना टाकीत वाकून वास घेऊ नका, बंद खोलीत एकटे थांबू नका. कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि जीव घेतो.

किण्वन थांबलं की नेमका उलटा धोका सुरू होतो. तोवर वायूचं पांघरूण होतं, आता अर्धवट भरलेल्या टाकीत हवा वाइनला खाते. छोट्या भांड्यांत वाटून काठोकाठ भरा.

बाटलीत भरण्याआधी निवळलेल्या वाइनचा थोडा नमुना 80 अंशांवर दोन तास ठेवून गार करा. गढूळ झाला तर प्रथिनं शिल्लक आहेत, ती खाली बसवणारी बेंटोनाइट माती लागेल. ही चाचणी टाळली तर एप्रिल-मेच्या उकाड्यात तीच स्वच्छ दिसणारी बाटली दुधाळ होते.