हस्त नक्षत्र बघायचंय? मे महिना गाठा

सप्टेंबरअखेर हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस पडतो तेव्हा हस्त शोधू नका. सूर्यच तिथे ठाण मांडून असतो. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जा. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की आधी नारिंगी स्वाती, मग निळसर-पांढरी चित्रा लागते. आता दक्षिणेकडे तोंड करा. चित्रेच्या उजवीकडे, किंचित खाली, चार मध्यम ताऱ्यांचा वाकडा चौकोन दिसेल, तोच हस्त. खात्री हवी तर वरच्या दोन ताऱ्यांची रेघ डावीकडे वाढवा, ती चित्रेजवळ पोचते. पाश्चात्त्यांनी याचा कावळा केलाय; आपला पंजाच बरा! पाचवं बोट उजव्या खालच्या ताऱ्याच्या खाली, फिकट. शहरी दिव्यांत ते हमखास हरवतं, दुर्बीण लावा.