कपॅसिटिव्ह सेन्सरने गॅप मोजताय? या चुका टाळा

स्पिंडलचा (मशीनच्या फिरत्या शाफ्टचा) रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, मोजताना रीडिंग नाचायला लागलं की पहिला आळ प्रोबवर, म्हणजे सेन्सरच्या मोजणाऱ्या टोकावर, येतो. बहुतेक वेळा बिघाड दुसरीकडेच असतो. ५ मिमी व्यासाचा प्रोब ०.५ मिमी गॅपवर धरला, तर समोरच्या धातूशी त्याचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता, यावरूनच सेन्सर गॅप ठरवतो) जेमतेम ०.३५ पिकोफॅरड भरतो. साध्या कोॲक्स केबलचा मात्र मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास असतो! केबलवरचं गार्ड (आतल्या तारेभोवतीचं, तिच्याच व्होल्टेजवर ठेवलेलं आवरण) हा भार झाकतं, म्हणून प्रोबची केबल कापून लांब करू नका आणि गार्ड चुकूनही ग्राउंडला जोडू नका.

सगळ्यात जास्त वेळ अर्थिंग खातं. स्पिंडल थांबलेला असताना रीडिंग स्थिर, फिरवला की भटकतं, अशी तक्रार असेल तर बेअरिंगमधलं तेल बघा. फिरताना गोळ्या आणि रेस (गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) यांच्यामध्ये तेलाचा थर येतो आणि शाफ्टचा बॉडीशी असलेला विजेचा संपर्क तुटतो. शाफ्टच्या टोकाला कार्बन ब्रश टेकवा, त्याची वायर थेट सेन्सरच्या ड्रायव्हरच्या (प्रोब चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बॉक्सच्या) ग्राउंडला न्या. नाच थांबला तर दोष सापडला. ब्रश जितका मध्याजवळ, तितकी झीज आणि थरथर कमी.

दुसरा चोर म्हणजे कूलंट. सेन्सर हवा धरून हिशेब करतो. गॅपमध्ये ५० मायक्रॉन तेल शिरलं, तर तो थर त्याला २३ मायक्रॉनचाच भासतो, म्हणजे रीडिंग २७ मायक्रॉनने कमी. पाण्याचं तर विचारूच नका. २० मायक्रॉनचा थर जवळपास अख्खा गायब होतो. प्रोबचं तोंड आणि टार्गेट (समोरचा धातू) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच झीरो करा.

सपाट प्लेटवर कॅलिब्रेट केलेला प्रोब गोल शाफ्टसमोर तसाच लावू नका. ५० मिमी शाफ्टवर ५ मिमी प्रोब गॅप सुमारे ३० मायक्रॉन जास्त दाखवतो. नुसतं झीरो करून हे भागत नाही, कारण संवेदनशीलताही बदलते. त्याच व्यासावर कॅलिब्रेट करा, नाहीतर लहान प्रोब घ्या.

तिरकेपणाचं गणित गॅपवर अवलंबून असतं: ५ मिमी प्रोब १ अंश कलला तर ०.५ मिमीवर साधारण १ मायक्रॉन चूक, ०.१ मिमीवर मात्र ५.

प्रोब सेटस्क्रूने दाबून बसवू नका, फटीचा क्लॅम्प वापरा. आणि ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं असेल तर घाई नको. १०० मिमीचं ब्रॅकेट ५ अंश सेल्सिअस तापलं की ११ मायक्रॉनहून जास्त वाढतं, आणि तेवढा रनआउट शोधायलाच तर आपण बसलेलो असतो. स्पिंडल चालू ठेवा, रीडिंग सरकायचं थांबलं की मोजायला घ्या.

एक्स आणि वाय असे दोन प्रोब लावले आणि रीडिंग लाटेसारखं हळूहळू वरखाली होत राहिलं, तर दोन्ही ड्रायव्हर सिंक केबलने (दोघांचे सिग्नल एका ठेक्यात ठेवणाऱ्या केबलने) जोडलेत का ते बघा.