निवासी शिबिर कुठे फसतं? खान्देशात जागा ठरवताना या चुका टाळा

शिबिर ठरलं की कुणीतरी तोरणमाळच्या यशवंत तलावाचा फोटो ग्रुपवर टाकतं. पाच-सहा अंगठे येतात आणि जागा ठरून जाते! पहिली चूक तिथेच होते. तोरणमाळ हजार मीटरहून उंचावर आहे, हवा गार आहे, सगळं खरं. पण शहाद्यापासून पुढे घाटाचा रस्ता आहे. बस लागणारी माणसं वर पोहोचतात तेव्हा गळून गेलेली असतात, आणि आपण लगेच ओळखीचं सत्र सुरू करतो. दोनच दिवसांचं शिबिर असेल तर मी तोरणमाळ घेत नाही. तीन रात्री मिळत असतील तर जरूर जावं, आणि पहिली संध्याकाळ मोकळी सोडावी.

पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे, पाल हे गाव यावल अभयारण्याच्या बाजूला. तिथे मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. माईक आणि शेकोटीचं काय, तेही आधीच विचारा. रात्री गाणी म्हणायचा बेत असेल तर जंगल ही जागा नव्हेच.

यात्रेचं कॅलेंडर कुणी बघत नाही. नवरात्रात पाटणादेवी आणि मनुदेवीला, महाशिवरात्रीला तोरणमाळ आणि चांगदेवला गर्दी असते. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेव्हा दोंडाईचा-शहादा रस्त्यावर वेळेचा हिशोब धरू नका.

उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो, तरी शाळेला सुट्टी म्हणून शिबिरं तेव्हाच ठेवली जातात. फैजपूरला १९३६ साली खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं, तेही डिसेंबरात. आम्ही मात्र एकदा एप्रिलमध्ये पत्र्याच्या हॉलमध्ये बसलो. फोटोत हॉल छान दिसत होता. दुपारी वीज गेली, अर्ध्या तासात सगळे बाहेर कडुलिंबाखाली, आणि खरं बोलणं तिथेच झालं. तेव्हापासून जागा बघायला मी भर दुपारी जातो. हॉलमध्ये पंधरा मिनिटं नुसता बसतो, मागच्या भिंतीपाशी उभं राहून सोबतच्याला साध्या आवाजात बोलायला सांगतो, नळ सोडून बघतो. बायकांची मुक्कामाची खोली आणि संडास यांच्यामधली वाट रात्री उजेडाची आहे का, हे एखाद्या बाईला सोबत नेऊनच तपासावं. पुरुषाच्या ते लक्षात येत नाही, माझ्याही येत नव्हतं. आणि झाडं, ओसरी, खाटा आहेत का ते बघा. माणसं मोकळी होतात ती तिथे.

जेवण हा नाजूक विषय. दुपारी तूप ओतलेली वरण-बट्टी वाढायची आणि अडीचला भाषण ठेवायचं, मग वक्त्याने घोरणं ऐकून घ्यावं! बट्टी रात्री करा. दुपारी हलकं जेवण, मग तासभर आडवं होऊ द्या, नंतर हातांनी करायचं काम. हिवाळ्यात शेतावर भरीत भाजायला सगळ्यांनाच बसवा; वांगी सोलताना अबोल माणूसही बोलतो.

सत्रात दोघेच बोलतात, बाकी माना डोलावतात, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. आपल्याकडे त्यामागे बरेचदा भाषा असते. चहाच्या वेळी ‘तुमना गावमा बी असंच शे का?’ म्हणणारी बाई गोलात आली की पुस्तकी मराठी शोधत बसते. सत्र चालवणाऱ्याने पहिलं वाक्यच अहिराणीत बोलावं, रावेर-यावलकडे असाल तर लेवा बोलीत. स्वतःला येत नसेल तर गटातल्या कुणाला तरी सुरुवात करू द्यावी. तरी गप्प असतील तर आधी जोडीजोडीने बोलू द्या, मग गोलात प्रत्येकाने सोबत्याचं म्हणणं सांगायचं. जास्त बोलणाऱ्या भाऊंना फळ्यावर मुद्दे लिहायला उभं करा. त्यांचा मान राहतो, इतरांना वेळ मिळतो.

समारोप शेवटच्या दिवशी जेवणानंतर ठेवू नका. कुणाला गाडी गाठायची असते, कुणाला दूध काढायला घर गाठायचं असतं. पिशव्या दाराशी लागल्या की कान रस्त्याकडे असतात. समारोप सकाळी न्याहारीनंतर उरकून घ्या, जेवायला थांबणारे थांबतील.