डॅशबोर्डच्या मीटरवर एकदम चार दिवे लागले तर: वायरिंगच्या कामात नव्यानं येणाऱ्या मुलांसाठी

सोयाबीन, बाजरी निघाली की शेतातले उंदीर आडोसा शोधतात आणि गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या पिकअपच्या बोनेटखाली जाऊन बसतात. गाडी चार-आठ दिवस हलली नाही की वायरी कुरतडल्याच समजा. गाडीवाला स्विच ऑन करतो तर इंजिनचा चेक लाइट, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), बॅटरी सगळे दिवे पेटलेले, स्पीडचा काटा मेलेला. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मिस्त्री, ईसीएम गेला का हो?" नव्या पोरालाही तेच वाटतं. ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बहुतेक वेळा धडधाकट असतो.

मी जुन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक हायवेलगत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. गिऱ्हाईक म्हणजे टोमॅटो-कांद्याच्या पिकअप. आयटीआय करून येणारी मुलं हुशार असतात, पण स्कॅनर, म्हणजे गाडीनं नोंदवलेले खराबीचे कोड वाचणारं यंत्र, हातात आला की डोळे मिटतात. कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तो सेन्सर बदलायला निघतात. दिवा आणि कोड तक्रार कुणाची आहे ते सांगतात, वायर कुठं तुटली ते सांगत नाहीत. चार दिवे एकदम लागले तर चार भाग एकाच रात्री जात नसतात. त्या चौघांत सामायिक काय आहे ते आधी शोधायचं: फ्यूज, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-बॉडीला जाणारी जोडणी), सेन्सरना ईसीएमकडून मिळणारा पाच व्होल्टचा सप्लाय किंवा कॅनची जोडी, म्हणजे गाडीतली युनिटं ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या पिळलेल्या दोन वायरी.

सुरुवात दिव्यांपासूनच करा. स्विच ऑन केल्यावर, इंजिन चालू न करता, कोणते दिवे लागतात ते नीट बघा. एबीएसचा दिवा दोन-चार सेकंदांत विझला पाहिजे, ऑइल आणि बॅटरीचा इंजिन चालू होईपर्यंत राहिला पाहिजे. जो दिवा लागायला हवा तो लागलाच नाही, तर तीही खराबीच. सेकंडहँड गाडीत कुणीतरी दिवा मुद्दाम काढून टाकलेला असतो, हेही बघितलंय. इंजिन चालू असताना लाल ऑइलचा दिवा राहिला तर आधी इंजिन बंद करा, ऑइल बघा, वायरिंगची चर्चा नंतर.

मग बॅटरी. उभ्या गाडीला साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू इंजिनला साधारण १३.८ ते १४.५. व्होल्टेज पडलं की एबीएस, स्टेअरिंग, इंजिन सगळेच कोड टाकतात. या कोडांवर तासभर घालवलेली मुलं मी बघितली आहेत, आणि शेवटी निघालं काय, तर सैल टर्मिनल. अर्थ ओहमवर मोजू नका. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, त्याची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब.

आता वायर. डिजिटल मल्टिमीटर या कामात फसवतो. उंदरानं अठरा तारांपैकी सतरा कुरतडल्या आणि एक राहिली, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवणार, कारण मीटर करंट ओढतच नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन वायरी सोडा आणि सप्लायवर लोड द्या. बल्ब मंद झाला तर वायर आतून गेलीय. पण हे फक्त मेन सप्लायला आणि अर्थला. सेन्सरच्या आणि ईसीएमच्या सिग्नल वायरीला बल्ब लावायचा नाही, तो पावणेदोन अँपिअर ओढतो, ईसीएम खरोखर जाईल. आणि वायरीला सुई टोचून तपासू नका. कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) मागून मीटरचा प्रोब घाला. टोचलेल्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं हिरवा गंज सापडतो.

एक केस सविस्तर सांगतो. पिकअपला एबीएसचा दिवा, चेक लाइट, स्पीडचा काटा शून्य. स्कॅनरवर यू०१२१, म्हणजे एबीएसशी बोलणं तुटलं. यू पासून सुरू होणारा कोड दिसला की सेन्सर विसरा, दळणवळण बघा. बॅटरीची केबल काढली आणि डायग्नोस्टिक सॉकेटच्या (जिथं स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये, म्हणजे कॅनच्या दोन वायरींमध्ये, ओहम मोजले. कॅनच्या दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात, ते समांतर असल्यानं ६० यायला हवेत. आले १२०. म्हणजे एक टोक लाइनवरून सुटलंय. शून्याजवळ आले असते तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या असत्या. त्या गाडीत एक टोक एबीएसच्या युनिटमध्येच होतं, त्यामुळे शोध तिथवर जाणाऱ्या लूमपुरता, म्हणजे वायरींच्या जुडग्यापुरता उरला. बॅटरी ट्रेच्या मागं वायरींवरचा कोरुगेटेड (वळ्यांचा प्लॅस्टिक) पाइप वरून धड दिसत होता. खालून हात फिरवला तर दात लागलेले, आणि पिळाच्या जोडीतली एक वायर पूर्ण तुटलेली. काम अर्ध्या तासाचं, पण आधी ओहम मोजल्यामुळे.

जोडताना त्या जोडीचा पीळ उलगडून लांब ठेवू नका, तो व्यत्यय टाळण्यासाठीच दिलेला असतो. चांगलं क्रिम्प (पकडीनं दाबून केलेला जोड), त्यावर गोंद असलेली उष्णतेनं आकसणारी स्लीव्ह. दोन्ही वायरींचे जोड एकाच जागी घेऊ नका, थोडे मागे-पुढे ठेवा. काळी टेप गुंडाळून गाडी सोडून देणारे खूप आहेत. इंजिनच्या उष्णतेत तिचा गोंद वितळतो.

पाच व्होल्टचं दुखणं वेगळं असतं. एका सेन्सरची वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली की त्याच सप्लायवरचे बाकीचे सेन्सरही कोड टाकतात, आणि पी०६४२ हा जुना ओळखीचा कोड, म्हणजे सेन्सरचा सप्लाय कमी पडल्याची तक्रार, सोबत येतो. सेन्सरच्या कपलरवर मीटर लावून ठेवा आणि बाकीचे कपलर एकेक काढत जा. जो काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, त्याच्याकडे जा. कुणीच परत आणलं नाही, तर लूमच घासलंय.

हौद्याला जाळी वेल्डिंग करून आलेली गाडी असेल तर आधी ते विचारा. बॅटरी न काढता आर्क मारला असेल तर वायरिंगबरोबर युनिटही तपासावं लागतं. मागच्या लाइटची वायर चॅसिसवर कुठून नेलीय तेही बघा, फॅब्रिकेटरची क्लिप आणि वायर एकाच जागी घासत असतात. फ्यूज उडत असेल तर १० च्या लाल जागी २० चा पिवळा ठोकून देऊ नका. तेवढ्यानं गाडी जळते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे धुराचे नियम आल्यावर पिकअपमध्ये सेन्सर वाढले, आणि नुसत्या टेस्ट लॅम्पवर चालणारी जुनी उस्तादी मागे पडली. शिकायचं असेल तर आयटीआयला ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्सचा एक वर्षाचा ट्रेड आहे. पहिला पैसा बऱ्यापैकी मल्टिमीटरमध्ये आणि क्रिम्पिंगच्या पकडीत घाला, स्कॅनर स्वस्तातला चालेल. सर्किट डायग्राम वाचता येत नसेल तर महागडा स्कॅनरही काही करत नाही.

मजुरीचं आधीच बोलून घ्या. "एक वायर तर जोडली" असं गिऱ्हाईक म्हणणारच, म्हणून शोधायचे पैसे वेगळे आणि जोडायचे वेगळे सांगा. तुटलेला तुकडा त्याच्या हातात द्या, जुने कोड लिहून घेऊन मगच डिलीट करा, आणि पाच-सात किलोमीटर गाडी फिरवून पुन्हा स्कॅन करा. आमच्याकडे त्या फेरीला घाट लागतो, तिथं इंजिन हललं की अर्धवट राहिलेला जोड लगेच बोलतो.