नवा प्रोसेसर घेण्याआधी रॅम तपासा: या चुका टाळा

पुण्याच्या तपकीर गल्लीत प्रोसेसरचा भाव विचारायला जाण्याआधी घरी एकदा टास्क मॅनेजर उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. रॅम किती भरली आहे, ती किती वेगाने चालते आहे आणि किती स्लॉट (रॅम बसवायच्या जागा) वापरात आहेत, हे तिथे दिसतं. 'प्रोसेसर जुना झाला' या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच सापडतं.

कारण साधं आहे. प्रोसेसरच्या आतली एल-१ कॅश (सर्वांत जवळची छोटी, वेगवान मेमरी) साधारण एका नॅनोसेकंदात डेटा देते, त्याहून मोठ्या पण हळू एल-३ कॅशला दहा-पंधरा नॅनोसेकंद लागतात, आणि रॅमला ८०च्या आसपास. चार गिगाहर्ट्झच्या कोरची (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागाची) तेवढ्या वेळात तीनशेहून जास्त सायकल, म्हणजे कामाचे ठोके, होऊन जातात. दुसरं काम हाताशी नसेल तर त्या वाया जातात. आणि रॅमची वाट बघणारा कोर टास्क मॅनेजरला कामातच दिसतो! म्हणून १०० टक्के वापर दिसला की प्रोसेसर कमी पडतोय, असं लगेच ठरवू नका.

एकच स्टिक लावणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात महाग पडते. १६ जीबीची एकच डीडीआर४-३२०० स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा वेग), लावली, तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जाऊ शकतो. आठ-आठच्या दोन लावल्या की ड्युअल चॅनलमुळे, म्हणजे डेटाच्या दोन वाटा एकदम वापरल्यामुळे, ही मर्यादा ५१.२ जीबी होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फरक डोळ्यांना दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी खुपसू नका. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. मॅन्युअलमध्ये बघून खात्री करा.

बायोसला हातच न लावणं

खोक्यावर ३६०० लिहिलेली डीडीआर४ रॅम लावल्या लावल्या २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालू शकते. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावरचा वेग देणारा पर्याय, चालू केल्याशिवाय तुम्ही पैसे मोजलेला वेग मिळत नाही. डीडीआर५ या पुढच्या पिढीला एएमडीच्या बोर्डावर याच पर्यायाचं एक्स्पो हे नाव दिसेल. नंतर सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १८०० दिसलं तर घाबरू नका, तिथे निम्मा आकडा दाखवतात. मशीन अचानक रीस्टार्ट होऊ लागलं, तर वेग एक पायरी खाली आणा आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी ती सेटिंग सोडून द्या. मूळ वेगावरही एरर येत असेल, तर एकेक स्टिक वेगळी लावून खराब कोणती ते शोधा.

नुसता वेग बघून रॅम घेऊ नका, सीएलचा (रॅम उत्तर द्यायला किती सायकल घेते, त्याचा) आकडाही बघा. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा: ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ४८०० सीएल४० म्हणजे १६.७. डीडीआर५ एकावेळी जास्त डेटा नेते हे खरं, पण पहिला घास द्यायला अशी स्वस्त डीडीआर५ उशीर लावते.

वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या की सगळ्या सर्वांत मंद स्टिकच्या चालीने चालतात.

रॅमच अपुरी असेल तर मात्र वरचं काहीच उपयोगाचं नाही. हिंजवडीची आयटीतली नोकरी घरून करणाऱ्यांच्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर डॉकर (प्रोग्रॅमरांचं एक सॉफ्टवेअर), टीम्स आणि वीसेक टॅब एकत्र उघडले, की विंडोज उरलेला डेटा डिस्कवर टाकतं. एसएसडीला उत्तर द्यायला नॅनो नव्हे, दहा-वीस ते शंभर मायक्रोसेकंद लागतात. हार्ड डिस्कला मिलिसेकंद. इथे जास्त जीबी हाच इलाज. पण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि ती नंतर वाढवता येत नाही. हे पैसे देण्याआधी विचारा.

सगळं नीट असून, रॅम निम्मी मोकळी असूनही काम अडत असेल, तर प्रोसेसर खुशाल बदला. मात्र गेमसाठी घेत असाल तर गिगाहर्ट्झसोबत एल-३ कॅशही बघा. २०२२ साली आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसरचा वेग साध्या ५८००एक्सपेक्षा थोडा कमी आहे, तरी ३२ ऐवजी ९६ एमबी कॅशमुळे अनेक गेममध्ये तो पुढे जातो. आणि दुकानात जाताना मदरबोर्डचं मॉडेल लिहून न्या. डीडीआर४ आणि डीडीआर५च्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही.